संस्थापक मार्गावरचा ढग

संस्थापक मार्गावरची वाळू झाडता झाडता भिवा उन्हाने कोसळला, तशी त्याची बायको द्वारका त्याला ओढत चौकातल्या पुतळ्यापाशी घेऊन आली. वाळवंटातल्या त्या राजधानीत सरकारने बनवलेला ढग एकच होता, आणि संस्थापकांच्या पुतळ्याचा रंग उडू नये म्हणून तो बारा महिने तिथेच उभा असे.

“सावली साहेबांची आहे, बाई,” पहारेकरी म्हणाला.

“साहेब जाऊन चाळीस वर्षं झाली. हे अजून आहेत.”

पहारेकऱ्याने नियमावली चाळली. “बरं, पाच मिनिटं दर्शन घ्या. पण चपला काढून.”

द्वारकेने नवऱ्याला सावलीत निजवलं, त्याच्या तोंडावर पाणी मारलं. मग तिने चप्पल काढली आणि ती हातात घेऊनच पहारेकऱ्याकडे वळली.