झाकण नसलेली पेटी

शंभर वर्षांनी शहरातल्या संग्रहालयातून गावी परत आलेल्या देवदाराच्या पेटीला झाकणच नव्हतं. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, 'धान्याची पेटी'. गावाच्या वतीनं पेटी ताब्यात घेतलेल्या व्हर्नाला ते पटेना. कॅनडाच्या त्या किनाऱ्यावर तिचे त्सिमशियन जमातीचे पूर्वज मासळीवर जगले; धान्य त्यांनी कधी पेरलंच नव्हतं.

मग हिच्यात ठेवत काय असतील? तिनं वास घेऊन पाहिला, माशाच्या तेलाचा मागमूस नव्हता. आत बॅटरी मारली, तर एकच बाजू मधोमध झिजून गुळगुळीत झालेली.

शेवटी तिनं अँब्रोजमामाला बोलावलं. त्याची दृष्टी गेली होती, पण उभा जन्म लाकूड कोरण्यात गेलेला. त्यानं वाफेवर वाकवलेले कोपरे चाचपले, हात आत घातला आणि त्या झिजलेल्या जागेवर मूठ टेकवली.

"हिच्यात काही ठेवत नव्हते, पोरी," तो हसून म्हणाला. "हिला वाजवत होते."

त्यानं मूठ उगारली तशी व्हर्ना घाबरली. पेटीला धक्का लागू देणार नाही, असं तिनं संग्रहालयाला लिहून दिलं होतं.

"मामा, तडकली तर?"

"शंभर वर्षं मुकी राहिली. आणखी किती ठेवायची?"

व्हर्नानं दोन्ही हातांनी पेटी घट्ट धरली. मामानं घराण्याचं जुनं गाणं सुरू केलं. त्या गाण्यात प्रत्येक ओळीनंतर सगळे क्षणभर थांबत. का, ते कुणालाच सांगता येत नसे. पहिली ओळ संपली, मामा थांबला, आणि त्या थांब्यावर त्याची मूठ पडली.

पेटी घुमली. दुसरी ओळ व्हर्नानं उचलली.