ताट दाखव

आईचा व्हिडिओ कॉल वाजायला लागला तेव्हा मनूच्या पुढ्यात ताटच नव्हतं. रोज खोलीतली मैत्रीण आपलं ताट तिच्याकडे सरकवायची, मनू ते आईला दाखवायची आणि मग दोघी तोंड दाबून हसायच्या. आज मैत्रीण सकाळीच गावी गेली होती, आणि मनूच्या ते ध्यानातच राहिलं नव्हतं.

वसतिगृहाची खानावळ निम्मी रिकामी झाली होती. रांगेत उभं राहून ताट वाढून घ्यावं तर तोवर फोन वाजून थांबणार, आणि फोन उचलला नाही की आई ते बाबांच्या कानावर घालणार. बाबा पोचवायला आले तेव्हाच त्यांनी बजावलं होतं: पहिल्या वर्षात तब्येत ढासळलेली दिसली तर अभ्यासाबिभ्यासाचं बघणार नाही, सामान बांधून सरळ घरी आणीन. चाचणीत दोन विषय गेलेत, हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं. निकाल लागल्यापासून मनू पुस्तकाला चिकटून होती. डोक्यात काही शिरत नव्हतं आणि घशाखाली घास उतरत नव्हता. कपडे अंगावर लोंबायला लागले होते, म्हणून हल्ली ती फोन अगदी हनुवटीशी धरून बोलायची.

तिने इकडेतिकडे पाहिलं, खरकट्या ताटांच्या टेबलावरचं सगळ्यात वरचं ताट उचललं आणि फोन घेतला. थोडा भात, थोडी भाजी. कोणाचं होतं देव जाणे.

"ते उष्टं आहे गं," खरकटं आवरणाऱ्या मावशी म्हणाल्या.

तोवर आईचा चेहरा दिसायला लागला होता. कोण बोललं, तिने विचारलं. मावशी आहेत, अजून भाजी वाढू का म्हणतायत, असं मनूने सांगून टाकलं. मावशी हातात फडका तसाच धरून तिच्याकडे बघत राहिल्या.

झोप होते का, पाणी पितेस ना, अभ्यास कसा चाललाय, आईने सगळं विचारून घेतलं. सगळं छान होतं. मग आई रोजचं म्हणाली, "ताट दाखव."

मनूने फोन खाली वळवला.

"मटार का गं काढलेस कडेला?" आई म्हणाली. "अन्नातलं वेचून टाकायची खोड तुझ्या बाबांची आहे तेवढी पुरे मला. त्यांचा टोमॅटो, आता तुझे मटार. खा ते. माझ्यासमोर खा."

घरी असताना सख्ख्या भावाने चावलेलं फळसुद्धा मनू तोंडाला लावत नसे. तिने डोळे मिटले नाहीत, कारण आई बघत होती. मटार गार होते. तिने एकेक उचलला, चावला, गिळला. शेवटचा गिळून ती हसली.

"शहाणं माझं बाळ," आईचा आवाज एकदम सैल पडला. "तू जेवताना दिसलीस की जीव भांड्यात पडतो बघ."

विषय बदलावा म्हणून मनूने विचारलं, तू जेवलीस का? जेवतेच तर आहे, बाबा मघाशीच उठले, असं म्हणत आईनेही फोन वळवून आपलं ताट दाखवलं. थोडा भात, थोडी भाजी. आणि ताटाच्या कडेने टोमॅटोच्या फोडी, एकीला एक लावून, नीट रांगेत.

मनू त्या रांगेकडे बघत राहिली. फोन पुन्हा वर गेला तेव्हा कितीतरी दिवसांनी तिने आईकडे नीट पाहिलं. आईनेही फोन अगदी हनुवटीशी धरला होता.

"आई," ती म्हणाली, "आता तू घे बघू एक घास. मला दिसू दे."

आईने जराशी खळखळ केली. फोन ताटाकडे वळला. आईचा हात ताटावर आला आणि टोमॅटोंपाशी थांबला.