करंजीचा भाऊ

लोणी वितळलं.

मालनबाईंनी मासिकातलं पफच्या कृतीचं पान पुन्हा वाचलं. "लोणी बर्फात घट्ट करून घ्यावे." मासिक पुण्याहून यायचं, रत्नागिरीत बर्फ कुठून आणावा ते त्यात नव्हतं. लोण्याचा डबा दोन तास विहिरीत सोडून झाला होता. तरी पिठाच्या घडीतून लोणी पाझरून पोळपाटावरून ओघळत होतं. पाच वाजता नाताळच्या चहाला कलेक्टरसाहेब, त्यांची मडम आणि कचेरीतले बाराजण येणार होते. पफ घरीच होणार, हे डेप्युटीसाहेबांनी ऐन उत्साहात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. करायचे होते त्यांच्या बायकोने, म्हणजे मालनबाईंनी.

"बाईसाहेब, तुमी उठा आता," येसू म्हणाली.

येसू आठ दिवसांपूर्वी स्वयंपाकाला लागली होती, तीही तात्पुरती. "आजचं निभावलंस तर परसातली खोली तुझी, कायमची," असं मालनबाई सकाळी म्हणाल्या होत्या. नाही निभावलं तर काय, ते मागच्या पायरीवर विडी ओढत बसलं होतं. तिचा धाकटा भाऊ आत्माराम, मुंबईहून तिला न्यायला आलेला. शेजारी तिची ट्रंक. सातला आगबोट.

येसूने परातीत तूप घेतलं, पाण्याचे हबके मारत तळहाताने फेसलं. तूप पांढरंशुभ्र फुललं तशी त्यात तांदळाची पिठी कालवली.

"साटा? अगं, चिरोटे करतेस की काय? साहेबांपुढे चिरोटे ठेवू?"

"चिरोटा नाय. आत कोळंबी नि मिरपूड. नि तळायचं नाय, भाजायचं. पदर सुटल्याशी मतलब ना?"

"आणि नाही सुटले तर?"

"तर मी मुंबयला."

मालनबाईंनी मासिक मिटलं आणि कोळंबी सोलायला घेतली.

येसूने तीन पोळ्या लाटल्या, एकीवर एक साटा फासून रचल्या, गुंडाळी करून कापल्या. एकेक लाटी हलक्या हाताने लाटायची, सारण भरायचं, करंजीसारखी दुमडायची.

"आक्का, कशाला गो जीव काढतेस?" पायरीवरून आत्माराम म्हणाला. "मुंबयला खोली हाय, नळ हाय. पोरं आत्येची वाट बघतायत."

"पोरं वाट बघतायत का तुझी चूल?"

"तसं नव्हं. बायकोला तेवढाच हातभार."

"हातभार दिराच्या घरी लावला सात वर्सं. येशे, तू जेवलीस का, म्हणून कुणी विचारलं नाय."

आत्मारामने विडी विझवली.

शेवटच्या लाटीचा येसूने मोदक वळला. त्यात कोळंबी घालायला हात धजेना, म्हणून गूळ-खोबरं भरलं.

"हे मध्येच काय?" मालनबाईंनी विचारलं.

"करंज्या केल्या की एक मोदक करायचा. करंजीला भाऊ लागतो."

"ऐकलंस?" पायरीवरून लगेच आवाज आला. "तूच बोललीस. करंजीसुदीक एकटी ठेवत नाय कोण."

येसू चुलीकडे वळली. जाड पातेल्यात वाळू, वाळूवर ताटली, ताटलीत करंज्या, झाकणावर निखारे. पहिली खेप खालून करपली. मालनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. येसूने चुलीतली दोन लाकडं ओढून बाहेर टाकली, मोदकासकट दुसरी खेप लावली, होते नव्हते ते निखारे झाकणावर चढवले आणि पातेल्यासमोर उकिडवी बसली. कमरेला पदर खोचून, पातेल्याकडे अशी बघत, की पातेल्याचीही करपायची छाती होऊ नये.

झाकण काढलं तेव्हा करंज्या दुप्पट फुगल्या होत्या. पदर न् पदर सुटा, पातळ कागदासारखा.

"अगं, चव तरी बघ."

"पाहुण्यांच्या आधी करणारीनं खाऊ नये."

ताटं बाहेर गेली. ओसरीवरून इंग्रजी बोलणं ऐकू येत होतं. बरं की वाईट, ते कळत नव्हतं. मग बोलणंही थांबलं. आत्माराम उठून उभा राहिला. ट्रंकेची कडी त्याने हातात धरली.

मालनबाई आल्या त्या रिकामी ताटं घेऊन.

"मडम विचारत होती, कुठल्या बेकरीतून मागवले."

"मग?"

"म्हटलं, परसातल्या खोलीत राहते ती बेकरी." त्यांनी कमरेच्या जुडग्यातून एक किल्ली सोडवली आणि पिठाच्या परातीशेजारी ठेवली.

येसूने किल्ली कनवटीला लावली. मग केळीच्या पानात मोदक बांधला आणि पायरीवर आली.

"कडी सोड आत्म्या. ट्रंक हितंच ऱ्हायची."

"एकटी ऱ्हाशील गो?"

"हा घे. बोटीत खा. आत गूळ-खोबरं हाय, तुला आवडतं तसं. नि दाबू नको, फुटेल."

त्याने पुडी दोन्ही हातांत धरली. तशीच धरून तो बंदराकडची घाटीची वाट उतरू लागला. वळणावर मागे वळून बघितलं, पण हात हलवता येईना.

तो दिसेनासा झाल्यावर येसू ट्रंकेवर बसली. करपलेल्या खेपेतली एक करंजी तेवढी उरली होती. खालचा काळा पापुद्रा तिने खरवडून काढला आणि आता कुठे पहिला घास घेतला.

मीठ बरोबर पडलं होतं.