बॅटरीला जपायला हवं

"बाबा, सगळ्या फोटोंत सामान आईच्याच सायकलवर का आहे?"

विचारलं एकदाचं! सहलीचे फोटो पाहून मैत्रिणींनी ग्रुपवर नुसता पिच्छा पुरवला होता, "हिंमत असेल तर विचारून दाखव." यंदा वक्तृत्वात पहिली आल्यापासून भिंगरीची हिंमत भलतीच वाढली होती, पण हा प्रश्न घशाशी येऊन परत जात होता. सायकलवरच्या या सहलीला निघाल्यापासून ती आईच्या मागेच पॅडल मारत होती. तरी तिला ते दिसलं नव्हतं. घरी पंख्याखाली लोळणाऱ्या कार्ट्यांना दिसलं.

प्रवाशांसाठीच्या तंबूतळावर बाबा आपल्या तंबूसमोर खुर्ची टाकून, पाय पसरून बसले होते. परदेशातलं ऊन संध्याकाळ झाली तरी उतरायचं नाव घेत नव्हतं. समोरच्या न्हाणीघराच्या भिंतीवरच्या प्लगला त्यांच्या सायकलची बॅटरी लावलेली होती आणि ते अधूनमधून तिच्याकडे आजारी लेकराकडे पाहावं तसं पाहत होते. तीन सायकलींत मोटर एकीलाच, आणि ती अर्थातच कुटुंबप्रमुखाची.

"शास्त्र आहे ते," बाबा म्हणाले. "मोटरवर वजन टाकलं की बॅटरी बसते. साध्या सायकलला बॅटरीच नाही, तर बसणार काय?"

भिंगरी बघतच राहिली. हा माणूस ऑफिसात अख्ख्या खात्याचा साहेब होता.

"आई बसेल ना!"

"तुझी आई?" बाबा कौतुकाने हसले. "लोखंड आहे लोखंड! उगाच नाही सांगत मी सगळ्यांना."

सांगत तर ते होतेच. रोज मुक्कामाला पोचलं की मोबाइल तोंडासमोर धरून: आज आपण एवढा चढ चढलो, आपण तंबू ठोकला, आपण गरमागरम जेवण रांधलं. त्या 'आपण'मध्ये बाबांचा वाटा मोबाइल धरण्याइतकाच.

आई नळावरून भांडी घासून आली. डावा पाय टाकताना जरा थांबत होती. तिने पातेली पालथी घातली, स्टोव्ह पुसून पिशवीत ठेवला आणि मग खाली बसून गुडघ्याची पट्टी सोडली. गुडघा सुजून टम्म झाला होता. पट्टीची वीण कातडीवर उमटली होती.

"अगं आई! हे कधीपासून?"

"काही नाही गं. सकाळपर्यंत उतरेल."

"उतरायलाच हवं," नकाशा बोटांनी मोठा करत बाबा म्हणाले. "उद्या मोठा घाट आहे. खिंडीतला व्हिडिओ सोडून चालणार नाही. तू ये गं सावकाश मागून, मी वर थांबेन."

"चालेल," आई म्हणाली.

बाबांचा जेवढा राग आला, तेवढाच भिंगरीला त्या 'चालेल'चा आला.

"निदान तंबू तरी त्यांच्या सायकलवर टाक."

"नको. मध्येच बॅटरी संपली तर मग त्यांनाही मलाच ओढावं लागेल."

आईने हे इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं, की ही थट्टा म्हणायची की खरंच, ते भिंगरीला कळेना. बाबांनी मात्र गंभीरपणे मान डोलावली.

भिंगरी ताडकन उठली. फाटकाजवळच्या, तळाच्या कचेरीत गेली, खिडकीतल्या बाईशी अर्धं मोडक्यातोडक्या भाषेत, अर्धं हातवाऱ्यांनी बोलली आणि तरातरा परत आली.

"उद्या सकाळी आई आणि मी बसने घाटापलीकडे जातोय," ती दोघांच्या मध्ये उभी राहून म्हणाली. "बसच्या मागे सायकली टांगता येतात. सामान आम्ही नेणार नाही. ते राहील इथेच."

"अगं पण..." आई म्हणाली.

"तू गप. तुला विचारत नाहीये, सांगतेय."

बाबा खुर्चीत सरळ झाले. "सगळं सामान? आणि माझी बॅटरी?"

"बाबा," भिंगरी म्हणाली, "तंबू गुंडाळतात कसा, ते आईला आत्ताच विचारून घ्या. सकाळी आम्हाला घाई असेल."