दोन झाकणं

सकाळी सव्वादहाला प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख ईश्वरप्पा सरांनी इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि त्याला कुंकू लावलं. खंडेनवमी होती. सोलापुरात त्या दिवशी मागांना हार पडतात, तराजूंना पडतात. कॉलेजनं मागं का राहावं, असं सरांचं म्हणणं. दारावर त्यांचं भागलं नाही. आतल्या दोन काचेच्या डिश त्यांनी टेबलावर घेतल्या, झाकणं काढली आणि झाकणांनाही कुंकू लावलं.

विभागातल्या अध्यापिका गिरिजाबाई उंदरांना पाणी ठेवून परतल्या, तेव्हा शिपाई निंगप्पा ओलं फडकं पिळत होता. फडकं लाल झालं होतं.

दोन्ही डिशमध्ये तेलाखालच्या एकेका थेंबात पांढऱ्या उंदरीचे गर्भ होते, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. शरीराबाहेर काढले की ते दोन पेशींवर अडून बसतात. पेप्टाईड, म्हणजे प्रथिनाचा एक लहानसा तुकडा, त्यांना पुढं नेतो की मारतो, एवढंच बाईंना पाहायचं होतं. एका डिशमध्ये तो घातला होता, दुसरीत नव्हता. मुंबईहून मिळवलेली कुपी त्यातच संपली होती. पुण्याच्या संशोधन संस्थेतली बाईंची जागा या निकालावर ठरायची होती.

"झाकणांवरची अक्षरं कुठं गेली?"

"कुंकू सांडून लई राड झाली हुती, बाई," निंगप्पा म्हणाला. "सर म्हणाले, पूस. दोनी लख्ख पुसलो की."

"मग मी परत बोट टेकवलं," सर म्हणाले. "दोघांना सारखं. आपल्याकडं भेदभाव नाही."

बाईंनी सरांकडे पाहिलं. या गृहस्थानं सूक्ष्मदर्शकाखाली शेवटची पाहिलेली वस्तू कांद्याची साल असणार, आणि तीही कुणी विद्यार्थ्यानं नीट लावून दिलेली.

"कुठलं झाकण कुठल्या डिशचं होतं, सर?"

"झाकणासारखं झाकण, बाई. आमच्या घरी डब्यांचा रोज हाच घोळ असतो." सर स्वतःच हसले. मग डोळे बारीक करून म्हणाले, "पण काय हो, खूण कुणी झाकणावर करतं? बुडाला करायची की नाही?"

बुडाला काचेवर लिहायची मेणाची पेन्सिल ओढली की खालून येणारा उजेड अडतो, म्हणून झाकणावर. हे कारण परवा बाईंना बिनतोड वाटलं होतं.

बाईंनी एकेक डिश भिंगाखाली घेतली. पहिलीतले सगळे गर्भ दोन पेशींवरच होते, काळवंडलेले. दुसरीतले बहुतेक चारांवर पोचले होते. एक तर आठांवर, द्राक्षाच्या चिमुकल्या घडासारखा. तेलावर कुंकवाचा कण तरंगत होता.

सरांनी चष्म्यासकट डोळा लावला. "वा! हीच पेप्टाईडची."

"कशावरून?"

"जगलेत की! मेलेल्यांत कशाला असेल?"

"जरा जास्त झालं तर तेच मारतं, सर. तेच तर बघायचं होतं."

"पुण्याला जायचंय ना तुम्हाला? मग?" सरांनी रुमालानं बोटं पुसली. "ट्रंक कॉल लावतो. निबंधावर पहिलं नाव माझं, ती विभागाची रीतच आहे. दुसरं तुमचं घालू."

सर गेले. उदबत्तीचा धूर इन्क्युबेटरच्या उघड्या दारातून आत शिरत होता. बाईंनी कुंकवाची झाकणं टेबलावरच राहू दिली, डिश तशाच आत ठेवल्या, दार लावलं.

"माजं काय चुकलं का, बाई?"

"नाही रे. तुला पूस म्हणाले, तू पुसलंस."

बारा वाजता बाईंनी दुसरी डिश पुन्हा भिंगाखाली घेतली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरून, कारकुनाच्या खोलीतून हाक आली, "बाई, पुणं लागलं! सर म्हणतायत, तुमी स्वतः सांगा!"

बाईंनी भिंगावरून डोळा काढला नाही. चार पेशींवरचा आणखी एक गर्भ दुभंगत होता.

दुसरी हाक आली. खाली फोन चालू होता. टेबलावर दोन झाकणं पडली होती, दोन्हींवर सरांचं कुंकवाचं बोट.