रात्रीचा गाऊन

मास्तरांनी शिलाई मशीनवर पाय ठेवला आणि त्या खडखडाटाच्या आडोशाने वाक्य पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, "डॉक्टर, मला जरा तो त्रास आहे."

छे. 'तो' म्हणजे कोणता, हे डॉक्टर विचारणारच.

टेलरकामात उभा जन्म गेला होता. पँटच्या जांघेचं माप घेताना गुडघ्यावर बसून, "साहेब, डावीकडे ठेवता की उजवीकडे?" असं त्यांनी भल्याभल्यांना विचारलं होतं. उत्तर येईपर्यंत मान वर करायची नाही, म्हणजे गिऱ्हाइकाला अवघडल्यासारखं होत नाही, ही त्यांची रीत. आता स्वतःवर वेळ आली तर जिभेला कुलूप.

उद्या सकाळी युरॉलॉजिस्टची वेळ मिळाली होती. लघवीचा रिपोर्ट, साखरेच्या गोळ्या, सगळं पिशवीत भरून झालं होतं. बायकोला त्यांनी मुतखडा म्हणून सांगितलं होतं. मुतखड्याचं बरं असतं, तो चारचौघांत सांगता येतो. ती बिचारी दर तासाला तांब्याभर पाणी आणून समोर ठेवत होती आणि मास्तर मुकाट्याने पीत होते. दवाखान्यातली बाई फोनवर म्हणाली होती, "येताना मिसेसना घेऊन या." ते मात्र त्यांनी घरात सांगितलं नव्हतं.

दुपारची वेळ होती, शटर अर्धं खाली. बायको आतल्या खोलीच्या उंबऱ्यात बसून एका पँटच्या तळाला हातशिलाई घालत होती. मास्तरांनी मशीनचा वेग वाढवला आणि मनाचा हिय्या करून खरं वाक्य बाहेर काढलं.

"डॉक्टर, बायकोच्या ऑपरेशनपासून मी तिच्याजवळ गेलो ना, की..."

दोरा तुटला. पाय थांबला, जीभ थांबली नाही.

"...माझं काही होतच नाही."

दुकान एकदम शांत झालं. बायकोने सुई कापडात खोचून ठेवली.

"मुतखड्याने असं होतं?"

मास्तरांचे कान तापले. "अगं, ते... मुतखडा नाहीये. हेच आहे. हेच दाखवायला चाललोय."

"ते डॉक्टरला कशाला दाखवता?" ती खाली बघत म्हणाली. "कशामुळे होतं ते मला माहीत आहे. कापलंय मला, तुम्हाला नाही."

दोन वर्षांपूर्वी तिला गाठ निघाली होती आणि डावा स्तन काढावा लागला होता. तेव्हापासून त्या गोष्टीला घरात नाव नव्हतं. दोघंही नुसतं 'ऑपरेशन' म्हणायचे.

"वेड लागलंय का तुला? साखर आहे माझी. गोळ्या आहेत. वय झालंय."

"मग कापूस कशाला घातलात?"

ती दवाखान्यातून घरी आली त्याच आठवड्यात मास्तरांनी तिचा एकूण एक ड्रेस उसवून डाव्या बाजूला आतून कापसाची गादी शिवली होती. माप घ्यावं लागलं नव्हतं, ते त्यांना लग्नापासून तोंडपाठ होतं. रस्त्याने जाताना कुणाच्या बापाला कळलं नसतं. इतकं सुबक काम हातून आजवर झालं नाही, असंच त्यांना वाटत आलं होतं.

"तुला बाहेर जाताना बरं वाटावं म्हणून."

"बाहेरच्या कपड्यांचं समजलं. लोकांचे डोळे असतात. पण रात्रीचा गाऊन? अहो, दार लावल्यावर या घरात बघणारं होतं कोण? तुम्हीच ना?"

गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय बटणाचा रंगही न ठरवणारा हा माणूस. बायकोला मात्र त्यांनी काही विचारलं नव्हतं.

"तो गाऊन हातात दिलात तेव्हाच मी समजले, की यांना आता हे बघवत नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, हेच जास्त लागत होतं. "म्हणून मी आधी दिवा घालवायला लागले. मग पाठ करून झोपायला लागले. तुम्ही यायचात, थबकायचात, परत आपल्या जागेवर जायचात. मला वाटायचं, हाताला कापूस लागला असेल."

पाठ करून झोपणारी बायको आपल्या निकामी अंगाला विटली, असं मास्तर इतके दिवस धरून चालले होते. ते तिला सांगावंसं वाटलं, पण सांगितलं असतं तर रडू फुटलं असतं.

ते उठले. दोरीवर वाळत घातलेला गाऊन घेऊन आले आणि ब्लेडने गादीची टीप उसवायला बसले. टीप बारीक होती. स्वतःचंच काम, सुटता सुटेना. बायको बघत राहिली, मदतीला आली नाही. शेवटी गादी निघाली. त्यांनी धाग्यांचे तुकडे झटकले आणि गाऊन तिच्या मांडीवर ठेवला.

"उद्या येशील माझ्याबरोबर? तिथल्या बाईने मिसेसना आणा म्हणून सांगितलंय."

"येईन."

मास्तर तिथेच तिच्याजवळ उंबऱ्यात टेकले.

"मला दाखवशील?" त्यांनी विचारलं. "मी एकदाही नीट बघितलं नाही."

तिने गाऊनची रिकामी बाजू तळव्याने सारखी केली. मग पुन्हा केली.

"मी तरी कुठे बघितलंय अजून," ती म्हणाली.