देवमाशाचा श्वास

वडिलांनी अंथरूण धरल्यापासून प्रवाशांना देवमासे दाखवायची त्यांची बोट लेकच चालवत होती. त्या सकाळी किनारा पुसट झाला असताना एक मोठा देवमासा बोटीला अगदी खेटून वर आला. प्रवासी फोटो काढण्यात रंगून गेले. तिने मात्र कान टवकारले.

श्वास सोडताना देवमासा मध्येच अडखळत होता. आधी बारीक शिट्टी वाजायची, मग उरलेला श्वास सुटायचा. अगदी हीच शिट्टी ती वर्षभर वडिलांची पाठ चोळताना ऐकत आली होती.

तिने घरी फोन लावला.

"वहिनी, बाबा कसे आहेत?"

"अगं, आज छातीतली शिट्टी एकदम थांबलीये. शांत पडलेत." वहिनी जरा घुटमळली. "पण मघापासून एकच धोशा लावलाय. म्हणतात, तिला सांग, बोटीचं इंजिन बंद कर, कानठळ्या बसतायत."

तिने इंजिन बंद केलं. देवमासा तिथेच थांबला होता.

"हं," वहिनी फोनवर म्हणाली, "आता बरं वाटतंय म्हणतात."